आमचं इजिप्त, समीरचं जहाज

२३ नोव्हेंबर, शनिवार. टॅम्पिनीस

समीर येत नाहीये.

सकाळी सव्वासातला त्याचा फोन आला तेव्हा मी तन्वीची बॅग चाळत होते, कोणते कपडे इजिप्तला न्यायचे ते बघत. जहाज काल रात्रीपासून सिंगापूरच्या अँकरेजवर, बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे. इथे त्याच्या जागी दुसरा सेकंड इंजिनिअर चढणार होता आणि समीर सहा महिन्यांनी घरी येणार होता. तो दुसरा माणूस वैद्यकीय तपासणीत अडकला. बदली मिळेपर्यंत समीरला उतरता येणार नाही. जहाज तेल भरून घेणार आणि दुपारी निघणार. आमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर माझा नवरा आहे आणि त्याला किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नाही.

चौघांची तिकिटं काढून झालीत. एक तारखेला निघायचं. तन्वीने पीएसएलई, म्हणजे इथली सहावीची परीक्षा, चांगल्या मार्कांनी पास केली तर ती म्हणेल तिथे जायचं असं ठरलं होतं, आणि ती गेली दोन वर्षं इजिप्तच म्हणते आहे. सासूबाई ऑक्टोबरातच पुण्याहून आल्या, त्याही तेवढ्याचसाठी.

जहाजात पाम तेल आहे, इटलीला जायचं आहे. मी आधी मार्ग विचारला. लाल समुद्रात गेल्या वर्षापासून जहाजांवर क्षेपणास्त्रं येताहेत, तेव्हापासून माझा पहिला प्रश्न तोच असतो. तो म्हणाला, आफ्रिकेला वळसा घालून, केपवरून. दोन आठवडे जास्त, पण धोका नाही.

मग मी म्हणाले, "तुझ्याशिवाय जायची आम्हाला सवय आहे."

त्यावर त्याने फोन ठेवला. पाच वाजेपर्यंत मला वाईट वाटत होतं. आता तितकंसं वाटत नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तुआसहून, कामावरून येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये लिहितेय. आज लॅबमध्ये एकाच नमुन्याची तपासणी दोनदा केली, लक्ष नव्हतं. सहल रद्द करायचं जवळजवळ ठरवलं आहे. रविवारी सासूबाईच म्हणाल्या होत्या की समीर नाही तर कसली मजा, पुढच्या वर्षी जाऊ. तन्वी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

(नंतर, घरी) सगळं उलटंच झालं. दार उघडलं तर घरात अंधार. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर फोन. भाताचा कुकरसुद्धा लावलेला नव्हता. तेरा वर्षांत असं मी पाहिलेलं नाही. छत्तीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, ताप अंगात घेऊन स्वयंपाक करणारी बाई. म्हणाल्या, डोकं दुखत होतं.

जेवताना एकदम म्हणाल्या, "आपण जायचं. मी माझ्या गोळ्या भरून ठेवल्यात."

रविवारी तर नको म्हणत होता, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर, एकाहत्तराव्या वर्षी पुढच्या वर्षीच्या गोष्टी करायच्या नसतात. तन्वी उठून त्यांच्या गळ्यात पडली. मला कळेना की तीन दिवसांत काय बदललं. म्हातारी माणसं कधी कधी मुलांसारखी हट्टी होतात.

१ डिसेंबर, रविवार. चांगी विमानतळ

समीरचा मेसेज: "नेट फार खराब. चार तारखेपासून काही दिवस बंदच असेल, जहाजावर उपग्रहाचं काम काढलंय. काळजी करू नको. आईला पायऱ्या जपून चढू दे. फोटो काढा."

जहाज समुद्रात असताना उपग्रहाचं काम कोण काढतं? पण मला त्यातलं काय कळतं. मी नुसता अंगठा पाठवला. नंतर वाटलं, एखादं वाक्य लिहायला हवं होतं. तोवर गेट उघडलं.

३ डिसेंबर, मंगळवार. गिझा

पिरॅमिड शहराला इतका चिकटून असेल असं वाटलं नव्हतं. बसच्या खिडकीतून आधी धुण्याच्या दोऱ्या, मग चिकनचं दुकान, आणि त्याच्यामागे तो. जवळ गेल्यावर त्याचा आकारच दिसेनासा होतो, फक्त दगड दिसतात, एकेक माझ्या खांद्याइतका उंच. तन्वी पहिल्या दगडाला पाठ टेकून उभी राहिली. आमची गाइड हिबा, चाळिशीची, गळ्यात चष्मा लटकवलेली बाई, इंग्रजी बोलते आणि घाई करत नाही. सासूबाईंचा पहिलाच प्रश्न होता की हे ओढून आणणारे लोक राहत कुठे होते. तन्वीने भाषांतर केलं. हिबा हसली, म्हणाली, पर्यटक बहुतेक खजिना कुठे होता ते विचारतात. तुम्हाला लक्सरला एक गाव दाखवते.

मी आणि तन्वी आत गेलो. सासूबाई बाहेर थांबल्या. वाकून चढायची अरुंद वाट, वर दगड, पुढे कुणाची तरी पाठ, मागे कुणाचा तरी श्वास. मध्यावर मला वाटलं की आता पुढेही जाता येणार नाही आणि मागेही. तन्वी मागून तिच्या सिंगापुरी वळणात म्हणाली, "मम्मा, चालत राहा लाह, थांबलीस तर सगळे थांबतात." वर राजाची खोली रिकामी होती. एक दगडी पेटी, झाकण नसलेली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी दोघींना पाणी दिलं आणि मला विचारलं, आज तारीख काय? तीन, मी म्हटलं. सकाळी नाश्त्यालाही विचारलं होतं. पुण्याला गेल्यावर डॉक्टरांना दाखवायला हवं.

खरी गोष्ट आता लिहिते. जेवायला थांबलो तिथे तन्वीने फोन माझ्यापुढे धरला. तिच्याकडे जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं अ‍ॅप आहे, शाळेतून आली की आधी ती पापाचं जहाज बघते. ती म्हणाली, "पापाचं डेस्टिनेशन बघ ना. व्हाय लाइक दॅट?"

जिथे बंदराचं नाव असतं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: आर्म्ड गार्ड्स ऑनबोर्ड.

नकाशावर जहाज आफ्रिकेच्या टोकाकडे नव्हतं. एडनच्या आखातात होतं, नाक पश्चिमेकडे.

मी तन्वीला सांगितलं की हे अ‍ॅप कधी कधी दुसऱ्या जहाजाची माहिती दाखवतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बरं म्हणाली. सासूबाई समोरच बसून काकडी सोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं नसावं. जाऊ नयेच. त्यांना बीपी आहे.

समीरला आठ मेसेज केले. एकही पोहोचलेला नाही.

४ डिसेंबर, बुधवार. कैरो

जहाज नकाशावरून गेलं. सकाळी सहा वाजता होतं, नाश्त्याला नव्हतं. मी माझ्या फोनवर तेच अ‍ॅप घेतलंय. "शेवटचा संकेत: तीन तासांपूर्वी." मग पाच. मग नऊ.

सक्कारात पायऱ्यांच्या पिरॅमिडसमोर उभी राहून मी सिंगापूरला कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. वाळू इतकी उडत होती की दुसऱ्या कानात बोट घालून बोलत होते. पलीकडची बाई फार सभ्य होती. म्हणाली, सर्व कर्मचारी सुखरूप आहेत, सुरक्षेच्या कारणास्तव जहाजाचा संपर्क तात्पुरता मर्यादित केला आहे. मी विचारलं, मार्ग कधी बदलला? तिने सांगितलं की याबाबत कुटुंबीयांनी कर्मचाऱ्याशीच बोलावं.

म्हणजे कर्मचाऱ्याला माहीत होतं.

एका थडग्याच्या भिंतीवर गाई पाण्यातून नेताना दाखवल्या आहेत. पुढे गुराखी पाठीवर वासरू घेऊन चाललाय, वासरू मागे वळून आईकडे बघतंय, आणि पाण्यात मगर. सासूबाई त्या चित्रापुढून हलेनात. मी फोन बघत होते. त्या म्हणाल्या, "दीप्ती, ठेव तो फोन. इतक्या लांब आलीस, बघ जरा."

मला असा राग आला की मी बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. त्यांचा मुलगा कुठे आहे हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी वासरू बघितलं असतं का? पण सांगणार कसं. माझ्याच तोंडून त्यांना काही झालं तर समीरला काय उत्तर देऊ?

परतताना बसमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, "आज चार ना?"

५ डिसेंबर, गुरुवार. लक्सर

कैरोच्या विमानतळावर टीव्ही लावलेला होता. अरबी बातम्या. समुद्र दिसला, राखाडी, आणि खाली सरकणाऱ्या पट्टीत येमेनचा नकाशा. मी हिबाला विचारलं. तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, एका जहाजाजवळ दोन स्फोट झालेत. जहाजाचं नाव सांगत नाहीत, नुकसान माहीत नाही. मग माझा चेहरा बघून तिने माझा दंड धरला. तिला सगळं सांगितलं. या पृथ्वीवर मी हे सांगितलेलं पहिलं माणूस म्हणजे जिला मी तीन दिवसांपूर्वी ओळखतही नव्हते अशी बाई.

वळून पाहिलं तर सासूबाई आमच्यापासून चार खुर्च्या सोडून टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. नशीब.

मला परत फिरायचं होतं. हॉटेलवर पडून राहते, तुम्ही जा, असं दुपारी म्हटलं. सासूबाई ऐकेनात. "खोलीत बसून काय करणार? चल. तन्वीने किती वाट पाहिलीय." त्यांच्या आवाजात दवाखान्यातला तो स्वर होता, त्यापुढे कुणाचं चालत नाही.

कर्नाकच्या देवळाचे खांब. एकशे चौतीस आहेत म्हणे. एकेका खांबाला आम्ही तिघी हात पसरून कवटाळू शकलो नाही. मी एकेका खांबाआड जाऊन फोन बघत होते, की नेट आलं का, बातमीत नाव आलं का. खांबाच्या पलीकडून तन्वी आली की फोन खाली. असं लपंडाव खेळल्यासारखं तासभर चाललं. सासूबाईंनी सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेलं नाही. पोट बरं नाही म्हणतात. मी गोळी दिली, ती त्यांनी पर्समध्ये ठेवली.

तन्वीने आज दिवसभरात पापाचं नाव काढलेलं नाही. मुलं पटकन विसरतात, बरंच आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार. लक्सर

आज महापरिनिर्वाण दिन. जाग आली तेव्हा सासूबाईंनी आंघोळ करून पांढरी साडी नेसलेली होती. टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो, हॉटेलच्या पेल्यात दोन फुलं. आम्ही तिघींनी त्रिसरण पंचशील घेतलं. पुण्याच्या विहारात आज पाय ठेवायला जागा नसेल. वंदना संपल्यावर त्या उठल्या नाहीत. बराच वेळ डोळे मिटून बसून होत्या, ओठ हलत होते. मी समोरच्या पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला हेवा वाटला. ज्याला काही माहीत नाही त्यालाच इतकं शांत बसता येतं.

नाईल ओलांडून राजांच्या दरीत गेलो. एका थडग्याच्या छतावर रात्र रंगवलेली आहे. हिबा सांगत होती, सूर्य मावळला की नावेत बसतो, रात्रीचे बारा तास म्हणजे बारा दारं, प्रत्येक दाराशी काहीतरी वाट अडवून बसलेलं, मधे एक प्रचंड साप. नावेतल्या सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं तरच नाव पहाटे बाहेर निघते. तन्वी वर बघत होती. तिने इंग्रजीत विचारलं, "आणि नाव बाहेर नाही आली तर?" हिबाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, रोज आली आहे.

मला तिथे उभं राहवेना. मी एकटीच वर आले, दगडावर बसले आणि पहिल्यांदा रडले.

दुपारी हिबाने कबूल केल्याप्रमाणे त्या गावात नेलं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कामगार इथे राहत. देऊळ नाही, खांब नाहीत. कमरेएवढ्या दगडी भिंतींच्या रांगा, मधून एक गल्ली. स्वयंपाकाची जागा ओळखू येते, जिन्याच्या चार पायऱ्या राहिल्यात. सासूबाई प्रत्येक घरात डोकावल्या. हिबाने सांगितलं की इथल्या मुकादमाने हजेरी लिहिलेला दगडाचा तुकडा सापडला आहे. कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक आईच्या अंत्यविधीत होता. एक घरी दारू गाळत होता.

सासूबाईंनी ते तन्वीकडून दोनदा ऐकून घेतलं. मग तन्वीला हिबाबरोबर पुढची घरं बघायला पाठवलं आणि मला भिंतीवर शेजारी बसवलं.

"राजाची नुसती थडगी राहिली," त्या म्हणाल्या. "ह्यांचं बघ. कोण घरी होता आणि कशासाठी, तेसुद्धा राहिलं."

मी हो म्हटलं.

"दीप्ती, तुला कळलंय ना?"

मी विचारलं, काय? माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"समीर कुठून चाललाय ते. मंगळवारपासून तुझा चेहरा बघतेय मी."

मला वाटलं होतं की त्या कोसळतील, मला सावरावं लागेल. त्या समोरच्या डोंगराकडे बघत सरळ बसल्या होत्या. त्यांनीच सगळं सांगितलं. सत्तावीस तारखेला समीरने श्रीलंकेतल्या गॉल बंदरापाशी पोहोचल्यावर त्यांना फोन केला होता. जहाज श्रीलंकेजवळ आलं तेव्हा कंपनीने मार्ग बदलला. बंदूकधारी पहारेकरी चढवले आणि प्रत्येकाला फॉर्म दिला, लाल समुद्रातून जायला तयार आहे की नाही. नाही म्हणणाऱ्याला तिथेच बोटीने उतरवून घरी पाठवणार होते. दोघं उतरले. समीरने सही केली. चार तारखेच्या सकाळपासून सात तारखेपर्यंत संपर्क बंद, आठला सुएझ.

म्हणून रोज तारीख. मी त्यांना डॉक्टरांकडे न्यायला निघाले होते.

"तुम्ही मला नऊ दिवस सांगितलं नाही," मी म्हणाले.

त्यानेच बजावलं होतं, त्या म्हणाल्या. दीप्तीला कळलं तर ती जाणार नाही, घरी बसून नकाशा बघत राहील. तू तिला ने, तिला फिरतं ठेव. "मला ते पटलं. माझं सगळं आयुष्य तसंच गेलं म्हणून पटलं. तुझे सासरे एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. भोंगा अवेळी वाजला की गल्लीतल्या बायका फाटकाकडे धावायच्या. मी पोळ्या लाटत बसायची. पोळ्या संपल्या की परत कणीक भिजवायची. हे घरी येऊन म्हणायचे, एवढ्या पोळ्या कुणासाठी? पण तू सक्कारात उन्हात जाऊन उभी राहिलीस ना, तेव्हा मला वाटलं, आपण चुकलो. हिला पोळ्या लाटायला लावतोय आपण."

मी त्यांना क्षमा केली नाही. तसं काही मनात आलंच नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: सत्तावीसला तो गॉलला उतरला असता तर एकोणतीसला घरी आला असता. एक तारखेच्या विमानात आमच्याबरोबर असता. आता या भिंतीवर माझ्या शेजारी असता.

मग सासूबाई म्हणाल्या, पर्समध्ये बिस्किटं आहेत, खाऊ या का. दोघींनी अख्खा पुडा संपवला.

७ डिसेंबर, शनिवार. लक्सर

मेसेज आलाय. जहाज बाहेर आलं. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सासूबाईंच्या फोनवर: "आई, सगळे ठीक. नेट सुरू झालं. दीप्तीला आता मीच सांगतो."

सासूबाई न्याहारीच्या टेबलावर मान खाली घालून रडल्या, आवाज न करता, रुमाल तोंडात धरून. तन्वी त्यांना थोपटत होती. ती मला म्हणाली, "मला माहीत होतं, मम्मा. त्या दिवशी अ‍ॅप चुकलं नव्हतं, वेबसाइटवर पण सेम दाखवत होतं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिने खांदे उडवले. "तू घाबरली असतीस."

मेसेज माझ्या फोनवर यायला हवा होता. हे लिहिताना लाज वाटते. तो जिवंत आहे आणि मी हे लिहितेय.

नंतर त्याचा फोन आला. मी घेतला नाही. चार वेळा आला.

९ डिसेंबर, सोमवार. कैरो

त्याने तन्वीला कळवलं होतं की जहाज आज पहाटे सुएझहून कालव्यात शिरेल आणि दहा-साडेदहाला इस्माइलियावरून जाईल. कैरोहून गाडीने दोन तास. तन्वी माझ्यासमोर उभी राहून काही न बोलता वाट बघत होती. आज म्युझियम बघायचं होतं. मी ड्रायव्हरला फोन केला.

कालव्याकाठच्या बागेत कठड्याला टेकून उभ्या राहिलो. समोरचा काठ म्हणजे नुसती वाळू. आणि लांब वळणावर त्या वाळूवरून जहाजं चाललेली, तिथलं पाणी दिसतच नाही, वाळवंटातून इमारती सरकत असाव्यात तशी. पहिलं गेलं, दुसरं, कंटेनरचं एक. पाचवं समीरचं. लाल पोट, वर पांढरी इमारत, डेकवर पाइपांचं जाळं. जहाजाच्या कठड्यावर काटेरी तारांची गुंडाळी सगळ्या बाजूंनी अजून तशीच होती, आणि मागे रेलिंगला बॉयलर सूट घातलेलं एक बुजगावणं बांधलेलं. पहारेकरी वाटावा म्हणून.

तो दिसणार नाही हे मला माहीत होतं. कालव्यात सेकंड इंजिनिअर वर येत नाही, इंजिनाजवळ असतो, पाण्याच्या पातळीखाली. डेकवर केशरी कपड्यातला कुणीतरी होता, त्याने तन्वीला पाहून दोन्ही हात हलवले. तन्वी पळत पळत बागेच्या टोकापर्यंत गेली. सासूबाईंनी हात जोडले होते. मी त्या लाल पोटाच्या मागच्या भागाकडे बघत होते, जिथे तो असणार तिथे. माणूस चालतो तितक्याच वेगाने ते समोरून गेलं. राग कुठे गेला कळलं नाही.

जहाज गेल्यावर राग परत आला.

१९ डिसेंबर, गुरुवार. टॅम्पिनीस

समीर काल इटलीहून आला. बारीक झालाय. तन्वीने त्याला तिची सगळी चित्रं दाखवली, सासूबाईंनी चिकन केलं, मी वाढलं. मी नीट वागले. इतकी नीट, की तो घाबरला.

आज सगळे बाहेर गेल्यावर मी विचारलं, का केलीस सही?

त्याने आधी सांगितलं की थर्ड इंजिनिअर उतरला होता, तोही उतरला असता तर जहाज तिथेच अडकलं असतं, बावीस माणसं. मी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. मग म्हणाला, चारच दिवस होते. शेवटी कपाकडे बघत म्हणाला, "तो उतरणारा बोटीत बसत होता आणि वरून सगळे बघत होते. मला वाटलं, मला असं कुणी बघू नये."

हे खरं होतं. मला पहिल्यांदा वाटलं की हा माझ्याशी बोलतोय.

आणि सहल? मी विचारलं. सही करताना आमची सहल आठवली नाही? तो म्हणाला, आठवली. तू म्हणाली होतीस, तुझ्याशिवाय जायची सवय आहे. मला वाटलं, खरंच असेल.

मी उठून कप विसळायला गेले. बराच वेळ विसळत राहिले.

२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई परवा पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, आता मला आधी फोन आला तर मी उचलणार नाही.

आज दुपारी समीरच्या पुढच्या कराराचे कागद ईमेलने आले. मार्चमध्ये चढायचं. आधी कधी मी हे कागद पाहिले नव्हते. तो प्रिंट काढायचा, सही करायचा, संपलं. आज त्याने प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवले आणि स्वतः उभा राहिला. तिसरं पान धोक्याच्या समुद्राचं आहे. जायला तयार आहे, होय की नाही. तिथे त्याने काही लिहिलेलं नव्हतं. खाली आणखी एक ओळ: कुटुंबीयांना पूर्ण माहिती दिली आहे, होय की नाही.

मी विचारलं, गॉलला इथे काय लिहिलं होतंस?

"होय," तो म्हणाला. "आईला सांगितलं होतं ना."

तो मला पटवत नव्हता. जे केलं ते सांगत होता.

एक कुठलं तरी उत्तर मी त्याला देईन अशी तो वाट बघत होता, जा किंवा जाऊ नको. मला दोन्ही देता येत नव्हतं. जा म्हटलं तर मार्चपासून मी पुन्हा नकाशा बघत बसणार, जाऊ नको म्हटलं तर हा घरात, आणि त्या बोटीतल्या माणसासारखा. तन्वी आतून काहीतरी गुणगुणत होती. खाली कुणाचा तरी वाढदिवस चाललेला, फुगे फुटत होते, आणि प्रत्येक फुग्याला समीरचा खांदा किंचित उडत होता. तो आल्यापासून दीड महिना मी हे बघतेय आणि आजवर मला वाटत होतं की त्याला एसीची थंडी वाजते.

मी पेन घेतलं आणि कुटुंबीयांच्या त्या दुसऱ्या ओळीपुढे 'नाही' वर खूण केली.

मग त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. चार तारखेच्या सकाळपासून सांग. काही गाळू नकोस."

तो बसला. मग सांगायला लागला.